जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू का होत नाही?

मरीन परेडची जमीन तशी फार जुनी नाही. १९६६ साली पूर्व किनाऱ्यावर समुद्रात भर घालण्याचे काम सुरू झाले, त्यातून ती वर आली आणि १९७०च्या दशकात तिच्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या. जून २०२४ मध्ये येथे भुयारी रेल्वेचे स्थानकही उघडले. पण रेल्वे आली म्हणून पहाटेच्या गाड्यांचे काम संपले नाही. शाळेच्या मुलांना नेणारी व्हॅन, बाजारातून भाजी आणणारा टेम्पो, लग्नकार्याचे जेवण पोचवणारी गाडी, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांची गाडी, अशी कितीतरी वाहने उजाडण्यापूर्वीच वाहनतळातून बाहेर पडतात. त्यांतली पुष्कळशी डिझेलवर चालतात आणि काहींनी दहा वर्षे केव्हाच ओलांडलेली असतात.

अशी एखादी गाडी सकाळी सहाला सुरू झालीच नाही, तर मालकाचा दिवस बुडतो. मुलांची शाळा चुकते, गिऱ्हाईक तुटते, गाडी ओढून नेण्याचा खर्च वेगळा. त्यात गॅरेजमध्ये कोणी घाईने ‘पंप गेला’ असा निकाल दिला, तर महिन्याची कमाई त्यात जाते. पुष्कळदा दोष पंपात नसतोच. तो एखाद्या जुन्या रबरी नळीत किंवा तांब्याच्या पातळ चकतीत, म्हणजे मेस्त्री लोक जिला ‘वायसर’ म्हणतात तिच्यात असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. तो टाळण्यासाठी स्वतः पाना हाती घेण्याची गरज नाही. मात्र निदान कोणत्या क्रमाने करायचे, हे गाडीच्या मालकाला ठाऊक असलेले बरे.

ठिणगीवाचून आग

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा जोराने दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात ती मूळच्या आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतात, तेव्हा ती पाचशे अंश सेल्सियसच्याही वर जाते. त्या क्षणी बारीक तुषारांच्या रूपाने डिझेल आत फवारले की ते आपोआप पेट घेते.

हे तत्त्व आपल्या या भागाला परके नाही. मलाया द्वीपसमूहातील लोक एका नळीत दट्ट्या सपकन दाबून आतल्या कापसासारख्या वस्तूला विस्तव लावीत असत. रुडॉल्फ डिझेल यांचे म्युनिकमधील गुरू कार्ल फॉन लिंडे यांनी असे पूर्वेकडील साधन वर्गात दाखवले आणि त्यावरून शिष्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, हा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व पुस्तकावाचून माहीत होते. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे विहिरीविहिरीवर डिझेल इंजिने बसली. शेतकरी आधी एक खटका उचलून आतला दाब सोडून देई, हँडल मारून चाक वेगाने फिरवी आणि मग खटका पाडी. दाब आला की इंजिन ‘धड’ करून पेट घेई. त्या एका कृतीत डिझेलच्या सर्व अटी आल्या. फिरण्याचा वेग हवा, दाब हवा, आणि वेळेवर डिझेल हवे. आपल्या गाडीच्या बाबतीत विचारायचे प्रश्नही हेच.

पहिला प्रश्न : इंजिन पुरेशा वेगाने फिरते का?

किल्ली फिरवल्यावर सेल्फ इंजिनाला फिरवतो. डिझेल इंजिनाला मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे तरी मिळावे लागतात. त्याहून मंद फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता आजूबाजूच्या लोखंडात निघून जाते आणि डिझेल पेटत नाही. म्हणून ‘घुर्र… घुर्र…’ असा दमलेला आवाज आला, तर इंधनाकडे वळूच नये. आधी बॅटरी पाहावी.

चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी उतरली आहे किंवा म्हातारी झाली आहे. बॅटरी नवी असूनही सेल्फ मंद असेल, तर तारांची टोके बघावीत. समुद्राच्या खाऱ्या हवेत टोकांवर पांढरा-हिरवा क्षार लवकर धरतो. इंजिनाला जोडलेली अर्थिंगची जाड पट्टी गंजली, तरी हाच परिणाम होतो. हे काम जवळजवळ फुकटात होते, म्हणून ते पहिले.

दुसरा प्रश्न : धूर येतो का आणि कोणत्या रंगाचा?

इंजिन जोराने फिरते आहे, पण सुरू होत नाही. अशा वेळी एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. वैद्य नाडी पाहतो, तशी ही डिझेल गाडीची नाडी आहे.

धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचतच नाही. दोष टाकीपासून नोझलपर्यंतच्या वाटेवर शोधावा.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आला, तर डिझेल पोचते आहे पण जळत नाही. हीटर प्लग, इंजिनाचा दाब किंवा पंपाचे टायमिंग, यांपैकी कोठेतरी बिघाड आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हवेचा फिल्टर तुंबला का ते आधी बघावे. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. तेथे झीज झालेली असते.

थंडीचे कारण येथे चालत नाही

महाबळेश्वरला पौषातल्या पहाटे गाडी अडली, तर थंडीला दोष देता येतो. सिंगापुरात पहाटेचे तापमान तेवीस-चोवीस अंशांच्या खाली क्वचितच जाते. तेव्हा येथे रोज सकाळी गाडी त्रास देत असेल, तर निव्वळ हवामानावर ढकलून स्वस्थ बसू नये.

तरीही जुन्या पद्धतीच्या इंजिनांना हीटर प्लग येथेही लागतात. या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारले जाते आणि त्या कोठडीच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. चारपैकी एक प्लग जळाला, तर येथे गाडी सुरू होते, पण पहिला मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते. दोन-तीन जळाले की मग मात्र ती अडून बसते. तपासणी सोपी आहे. प्लगवरची पट्टी काढावी आणि बॅटरीच्या धन टोकापासून एका छोट्या बल्बमधून तार प्लगच्या डोक्याला लावावी. बल्ब लागला तर प्लगची आतली तार शाबूत आहे. सगळे प्लग चांगले निघाले तर त्यांना वीज देणारा रिले पाहावा.

एक इशारा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या नळीतून ‘स्टार्टिंग स्प्रे’ मारू नये. तो ईथरचा असतो. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन किंवा नळी फोडू शकतो.

थेंब आणि बुडबुडा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गाडी सुरू न होणे आणि डिझेल गळणे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे आपण समजतो. पुष्कळ वेळा ती एकाच दुखण्याची दोन रूपे असतात.

डिझेलचा प्रवास असा : टाकी, लांब नळी, फिल्टर, पंप, तेथून जाड पोलादी नळ्यांतून नोझल, आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत. या वाटेचे दोन भाग पडतात. टाकीपासून ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या भागात डिझेल खेचले जाते. तेथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पंपाच्या पुढे ते ढकलले जाते. तेथे दाब जास्त असतो.

ढकलण्याच्या भागात भेग पडली तर थेंब बाहेर येतो आणि आपल्या डोळ्यांना दिसतो. ओढण्याच्या भागात भेग पडली तर पुष्कळदा थेंब बाहेर येतच नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा घुसते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीत परत जाते. सकाळी पंप हवाच ओढतो. हवा दाबली तर दबते, डिझेल दबत नाही. म्हणून नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. यालाच आपले मेस्त्री ‘गाडीने हवा घेतली’ असे म्हणतात. इतके नेमके निदान तीन शब्दांत करणारी भाषा कमी.

याची खूण अशी : गाडी सकाळी पुष्कळ वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, क्षणभर अडखळते, आणि नंतर दिवसभर कितीही वेळा बंद करा, लगेच सुरू होते. घाटातल्या चालकांना दुसरी खूणही माहीत असते. तोंड उताराकडे करून गाडी लावली की टाकीची बाजू वर राहते आणि सकाळी गाडी निमूट सुरू होते; तोंड चढाकडे असले की रुसते. मरीन परेडच्या सपाट जमिनीवर ही खूण मिळत नाही. म्हणून येथे फिल्टरच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी घालून पाहतात. आत बुडबुडे धावताना दिसले की हवा टाकीच्या बाजूने येते आहे हे ठरले.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. स्वच्छ डिझेलचा एक छोटा डबा पंपाहून उंच जागी ठेवून त्यातून थेट पंपाला डिझेल देतात. गाडी सरळ सुरू झाली तर पंप निर्दोष, दोष टाकी, नळी किंवा फिल्टरमध्ये. पंप बदलण्याचा खर्च सांगितला गेला, तर ‘डबा लावून पाहिला का?’ एवढे विचारावे.

धूर नाही आणि बुडबुडेही नाहीत, तर पंपावरचा डिझेल सोडणारा विजेचा खटका तपासावा. किल्ली लावताच तेथे ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तार तुटली असेल तर आवाज येत नाही आणि डिझेलची वाट बंदच राहते.

गळती कशी शोधावी

गाडीखाली ओल दिसली की ती डिझेलचीच असते असे नाही. येथील गाड्यांखाली वातानुकूलनाचे पाणी रोजच पडते. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. पाण्याचा डाग वाळून जातो. इंजिन ऑइलचा डाग काळा आणि दाट असतो. डिझेलचा डाग पसरत जातो, कागद तेलकट-पारदर्शक होतो आणि वास लपत नाही. डाग पुढच्या चाकापासून किती अंतरावर आहे हे लिहून ठेवले, तर मेस्त्रीचे अर्धे काम होते.

थेंब जेथे पडतो तेथे गळती असतेच असे नाही. थेंब हा शेवटचा मुक्काम. सर्वांत वर जेथे ओल आहे, तो उगम. इंजिन थंड असताना तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर शिंपडावी, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि मग पाहावे. पावडरीवर गडद रेघ उमटते तेथे दोष.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. नोझलवरच्या परतीच्या बारीक रबरी नळ्या उन्हातान्हाने चिरतात. एकदा दाबल्या गेलेल्या तांब्याच्या चकत्या पुन्हा बसवल्या की झिरपतात. त्या दर वेळी नव्या घ्याव्यात. फिल्टरवरच्या हातपंपाचे रबर फाटते. टाकीच्या वरच्या बाजूची आणि गाडीच्या पोटाखालची पोलादी नळी खाऱ्या हवेने गंजते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. डिझेलमधील गंधक गेल्या काही वर्षांत फार कमी करण्यात आले. भारतात एप्रिल २०२० पासून ते दहा लाख भागांत दहा भागांवर आणले गेले. हवेसाठी हे उत्तमच झाले. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे इतर गुणही थोडे बदलतात. पूर्वीच्या इंधनात वर्षानुवर्षे फुगून बसलेली जुनी रबरी सीले नव्या इंधनात आक्रसू शकतात आणि झिरपू लागतात. अशा वेळी पंप फेकून देण्याची गरज नसते. सीलांचा संच बदलला की काम होते.

एक गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. पंपाच्या दांड्याचे सील गेले, तर काही इंजिनांत डिझेल आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नये. पातळ झालेले ऑइल इंजिनाचे बेअरिंग खाते. ज्या इंजिनांत पंप रबरी पट्ट्यावर फिरतो, तेथे हेच डिझेल पट्ट्यावर पडून तो कुजवते. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. येथे थेंबे थेंबे इंजिन जाते.

नव्या पद्धतीच्या इंजिनाला हात लावू नये

यांत्रिक पंपाच्या इंजिनात हवा काढण्याची रीत सोपी आहे. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू किंचित सैल करावा, हातपंप मारत राहावे, फेस थांबून स्वच्छ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. जुने मेस्त्री नोझलवरच्या नळीची नटही सैल करून हवा काढतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील बहुतेक डिझेल गाड्या मात्र ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या आहेत. त्यांच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. अशा इंजिनाची नट चालू असताना सैल करणे म्हणजे अपघाताला बोलावणे. केसासारखी बारीक डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत विष पसरते आणि बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. म्हणून गळती बोटाने चाचपून कधीही शोधू नये. अशी धार लागलीच, तर वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ हे स्पष्ट सांगावे.

या इंजिनांत प्रत्येक नोझलमधून किती डिझेल परत जाते, ते छोट्या बाटल्यांत मोजतात. एकच बाटली भराभर भरली तर तो एक नोझल झिजला आहे. दाब त्यातूनच निसटतो आणि गाडी सुरू होत नाही. चारही बदलण्याआधी ही मोजणी मागावी.

पंप दोषी केव्हा?

पंप झिजतच नाही असे नाही. त्याची खूण उलटी असते. थंड गाडी बरी सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून निसटते. जुन्या पंपावर ओले फडके घालून तो निवल्यावर गाडी सुरू झाली, तर संशय पक्का होतो. पंप आणि नोझल यांचे काम साध्या गॅरेजचे नव्हे. त्यांतील भाग केसाच्या जाडीच्याही अंशापर्यंत मापून बनवलेले असतात. आपल्या नाशिकच्या मायको कारखान्याने, ज्याच्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले, याच बारीक कामासाठी नाव मिळवले. अशी दुरुस्ती मोजमापाचे यंत्र असलेल्या खास दुकानातच करून घ्यावी.

गळती हा घरचा प्रश्न नाही

डिझेल पेट्रोलसारखे नुसत्या ठिणगीने भडकत नाही, म्हणून लोक त्याची गळती मनावर घेत नाहीत. पण तापलेल्या एक्झॉस्टवर त्याचे तुषार उडाले तर ते पेटते, आणि आपली गाडी जेथे उभी असते तेथे आजूबाजूला शेकडो गाड्या आणि पलीकडेच कुटुंबे असतात. रस्त्यावर सांडलेले डिझेल पाण्यासारखे उडून जात नाही. पावसाची पहिली सर आली की तेथे बर्फासारखी घसरण होते आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार पडतो. तो पहाटे कामावर निघालेला कोणाचा तरी मुलगा असतो. सांडलेले डिझेल नळाच्या पाण्याने नाल्यात ढकलू नये. ते नाले समुद्राला किंवा पिण्याच्या पाण्याच्या तळ्याला मिळतात. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे. इंजिन उघडण्याचे कामही वाहनतळात न करता उबी किंवा काकी बुकितच्या गॅरेजमध्ये करावे.

सिंगापुरात १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मोटारी आणि टॅक्सींची नोंदणी बंद झाली आहे. जुन्या डिझेल गाड्यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना त्या आणखी काही वर्षे चालवायच्या आहेत. त्यांनी गाडीत एक छोटी वही ठेवावी : तारीख, सकाळ की दुपार, किती वेळ सेल्फ मारला, धुराचा रंग, ऑइलची पातळी, डिझेल किती लागले. फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी काढल्याची तारीखही त्यात लिहावी, कारण या दमट हवेत टाकीत पाणी धरतेच. मेस्त्रीला ‘गाडी चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ही वही दाखवावी. चांगला मेस्त्री ती वाचून आधी दहा डॉलरचे काम तपासील, हजाराचे नंतर.